दिल्लीच्या साहेबाचा सोमवार

१

"मॅडम, तुम्ही घरी नवऱ्याचा मोबाईल तपासता काय?"

विचारलं! उभी राहून, मोठ्याने, अख्ख्या अकरावीसमोर. रेश्मा आणि साईशने पैज लावली होती, कॅन्टीनमधल्या मिरची-भजी आणि पावाची. "तुज्यान जावचा नाय गो सेजल," असं साईश म्हणाला आणि तिथेच माझं डोकं फिरलं. जूनपर्यंत मी हजेरीला "प्रेझेंट"सुद्धा बाकाखाली तोंड घालून म्हणायची. पण डिसेंबरात वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून मला वाटतं, माझ्या गळ्यात कुणीतरी लाऊडस्पीकर बसवलाय.

वर्ग फुटला हसून. प्रिन्सिपल सरांचा चेहरा काजूच्या बोंडूसारखा लाल झाला.

विनोदिनी मॅडम मात्र शांत. त्या दिवशीच्या पाहुण्या वक्त्या, डिचोलीच्या, केस पांढरे, साडी साधी. तीस वर्षं सैन्याच्या गुप्तवार्ता खात्यात विश्लेषक होत्या. आम्हांला वाटलेलं, बंदुका आणि पाठलाग ऐकायला मिळणार. त्यांनी तासभर तक्ते, नकाशे आणि तारखा सांगितल्या होत्या.

"मोबाईल कशाला तपासू?" त्या म्हणाल्या. "माणूस जे करतो, ते त्याला लपवता येतं. जे करत नाही, ते लपवायचं त्याच्या ध्यानातच येत नाही. आमचे हे रविवारचं शब्दकोडं सोडवत नाहीत, त्या दिवशी मी समजते, काहीतरी बिघडलंय. वार आणि वेळ लिहून ठेवायची, बाळ. मग रिकाम्या जागा बघायच्या. आमच्या नोकरीत अर्धं काम तेवढंच."

भजी खाताना माझे पाय जमिनीवर नव्हते. कारण एक गोष्ट वर्गात कुणालाच ठाऊक नव्हती. माझी गौरवीताई याच कामाच्या नोकरीची लेखी परीक्षा पास झाली होती. मुलाखत परवा, बुधवारी, सकाळी दहाला, पणजीत. विनोदिनी मॅडमचं वाक्य तिला कधी एकदा सांगते असं मला झालं होतं.

पेडण्याहून पार्श्याची बस मिळाली, घरी पोचले, आमच्या खोलीचं दार ढकललं.

कपाट उघडं. कपडे, पुस्तकं, जुन्या वह्या, सगळं जमिनीवर. आणि त्या ढिगाऱ्यात ताई बसलेली, ओठ पांढरेफटक.

"सेजू," ती म्हणाली, "माझी फाइल गेली."

२

ती फाइल म्हणजे ताईचं सगळं. दहावीपासून एम.एस्सी.पर्यंतच्या मूळ मार्कशीट, रहिवासाचा दाखला, मुलाखतीचं पत्र. पत्रात स्पष्ट लिहिलेलं: मूळ कागद नसतील तर मुलाखत नाही. तुयेच्या कारखान्यात दोन वर्षं बाटल्यांवर लेबलं मोजत ताईने या परीक्षेचा अभ्यास केला होता. वयाची अट यंदा संपत होती. पुन्हा संधी नव्हती.

"शेवटची कधी बघितलीस?"

"शनिवारी रात्री. याच फळीवर ठेवली."

"रविवारी घरात कोण कोण आलं?"

मी अगदी पोलिसासारखी पेन घेऊन बसले. रविवार तर साधा गेला होता. बाबा सकाळी बागायतीत गेले, काजू पडायला लागलेत म्हणून. आईने बांगड्याचं हुमण केलं. बाबांनी "आज नको" म्हणून ताट सरकवलं आणि त्यांच्या वाटणीचे दोन्ही बांगडे मी खाल्ले. संध्याकाळी रोजच्यासारखी मनीषाताय आली. संपला रविवार.

मनीषाताय म्हणजे ताईची बालवाडीपासूनची मैत्रीण, शेताच्या बांधापलीकडे घर. लेखी परीक्षा तिनेही दिली होती, नापास झाली. तरी बिचारी रोज पाच ते सात ताईची मुलाखतीची तयारी करून घ्यायला यायची. ताईने तिला फोन केला: "मनी, माझी फाइल चुकून तुझ्या बॅगेत गेली काय गो?" ती चपला न घालताच धावत आली. पलंगाखाली शिरली, गाद्या उलटल्या, ताईबरोबर रडलीसुद्धा.

मध्येच खिडकीत शेजारचा सिद्धेशदादा उगवला. तोही तुयेला त्याच कारखान्यात. "काय गो, जनेलातसून कपडे उडतत ते? चोरी झाली काय?"

"काय नाय रे, सफाई," ताई म्हणाली. तो हसला नाही. बराच वेळ त्या उघड्या कपाटाकडे बघत राहिला.

मग ताईने पेडण्याच्या बाजारात कॉम्प्युटर सेंटर चालवणाऱ्या गोकुळदासबाबना फोन लावला. तिचा अर्ज त्यांनीच भरला होता. "स्कॅन केलेल्या कॉपी आसात गो," ते म्हणाले, "पण त्यांका मूळ कागद लागतलो. मूळ खंय गेले तुजे?" ताईने फोन ठेवला.

"आईला सांगूया," मी म्हटलं.

"नाही!" ताई अशी ओरडली की मी दचकले. "आईबाबांना एक शब्द सांगायचा नाही. शपथ घे."

मनीषाताय डोळे पुसत घरी गेली. दहाएक मिनिटांनी ताईचा मोबाईल थरथरला. तिने वाचलं आणि तो हातातून सोडला, विंचू चावल्यासारखा.

मी उचलला. हिंदीत दोन ओळी होत्या. फाइल आमच्याकडे सुरक्षित आहे, शोधू नका. बुधवारी पणजीला जायचं नाही, जागा आम्ही कळवू.

खाली सही: साहेब.

३

मग ताईने सगळं सांगितलं. दार लावून, कुजबुजत, माझा हात घट्ट धरून.

लेखी परीक्षेचा निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी पहिला फोन आला. डीपीवर तीन सिंहांची राजमुद्रा. आवाज पिंपातून आल्यासारखा जड. तिचा रोल नंबर त्याला पाठ. म्हणाला, दिल्लीहून बोलतोय, खरी परीक्षा आता सुरू झाली. गुप्तवार्तेत काम करणाऱ्याला तोंड बंद ठेवता येतं की नाही, ते आम्ही आधी बघतो. रोज फोनवर हजेरी द्यायची. घरी कोण आलं, काय बोललं, ते सांगायचं. कुणाला सांगितलंत तर गोपनीयतेचा भंग, अटक होईल. आधी ताईला ते खरं वाटलं. नंतर खोटं वाटायला लागलं तेव्हा ती कुणालातरी विचारणार होती. पण साहेब तिचं सगळं जाणत होता. तिने कुठल्या रंगाचा ड्रेस घातला, कुठला धडा तिला येत नाही, ती कधी रडली.

"मी एकदा म्हटलं, मला नको ही नोकरी. तर म्हणाला..." ताई थांबली.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, तुमची बहीण पेडण्याहून दोनच्या बसला बसते. डावीकडच्या खिडकीजवळ."

मी खरंच तिथे बसते. रोज. आजसुद्धा बसले होते, भजीचा ढेकर देत.

खरं सांगते, त्या क्षणी माझ्या गळ्यातला लाऊडस्पीकर बंद पडला. मला पलंगाखाली शिरावंसं वाटलं. पण ताईकडे बघितलं. वीस दिवस ही एकटी पलंगाखाली होती, आणि माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

मी वही ओढली. "फोन दे. सगळे कॉल लिहायचे. तारीख, वार, वेळ."

"त्याने काय होणार?"

"रिकाम्या जागा सापडणार."

वीस दिवस, वीस हजेऱ्या. सगळ्या संध्याकाळी साडेसातला. मिनिटाचाही फरक नाही. फक्त दोन दिवशी फोन रात्री साडेनऊला आला होता. मी वार बघितले.

सोमवार. आणि सोमवार.

"ताई, सोमवारी साडेसातला तुझा फोन बंद होता?"

"नाही. घरी चार्जिंगला. आपण देवळात होतो ना."

दर सोमवारी सात ते नऊ आमच्या गावात भजन असतं. लहानमोठं सगळं पार्से देवळात. आणि देवस्थान कमिटीचा कडक नियम, मोबाईल घरी ठेवून यायचं. दोन वर्षांपूर्वी आरतीत कुणाचा तरी फोन सिनेमाच्या गाण्यावर वाजला, तेव्हापासून.

"मग सोमवारी साडेसातचा मिस्ड कॉल कुठे आहे?" मी विचारलं. "दिल्लीच्या माणसाने निदान पहिल्या सोमवारी तरी फोन लावला असता. तू उचलला नसतास. इथे दिसला असता. एकही नाही. ताई, दिल्लीच्या साहेबाला पार्श्याचा सोमवार कसा ठाऊक?"

ती माझ्याकडे बघतच राहिली.

त्याला ठाऊक होता, कारण सोमवारी साडेसातला तोही देवळात असायचा. आपल्याबरोबर. टाळ्या वाजवत.

"गौरवी! सेजल!" आई बाहेरून हाकारत होती. "पाय धुवा गो. भजनाचो वेळ झालो."

आज सोमवार होता.

४

त्या संध्याकाळी मी एकही अभंग ऐकला नाही. खांबाला पाठ टेकून बसले आणि एकेक चेहरा बघत गेले. ज्या देवळात मी रांगायला शिकले, तिथे मला पहिल्यांदा पाठीमागे काय आहे त्याची भीती वाटली.

गोकुळदासबाब पेटीवर. रोल नंबर, जन्मतारीख, फोन नंबर, सगळं त्यांच्या कॉम्प्युटरात. सिद्धेशदादा तबल्यावर. ताईचे कपडे, ताईचं येणं-जाणं त्याला खिडकीतून दिसतं, आणि दोन वर्षांपूर्वी त्याच्या आईने ताईसाठी विचारलं होतं, ताई नाही म्हणाली होती. मनीषाताय आमच्या पुढच्याच रांगेत, केसात अबोली. ताईच्या मनातलं निम्मं तिला माहीत.

फाइल नाही हे या तिघांनाच कळलं होतं, किंवा कळण्यासारखं होतं. चौथा कुणी नाही.

तबला थांबला. मी वर बघितलं. सिद्धेशदादा सरळ माझ्याकडे बघत होता.

घरी परतलो. साडेनऊला फोन वाजला. तिसरा सोमवार. ताईने हजेरी दिली, मी तिच्या कुशीत तोंड खुपसून ऐकत होते.

मंगळवारी सकाळी मला खोटं खोटं पोटात दुखलं. शाळा बुडाली. अंथरुणात पडल्या पडल्या मी बेत केला. तिघांना तीन वेगळ्या थापा मारायच्या. बघायचं, साहेबाच्या तोंडून कुठली परत येते.

आधी सिद्धेशदादा. तो अंगणात मोटरसायकल धूत होता.

"दादा, कुणाला सांगू नको हां. ताईच्या बँकेचं पासबुक हरवलंय. एका फाइलमध्ये होतं."

त्याने पाण्याची बालदी खाली ठेवली. "तिका कोण त्रास देता काय गो?"

"नाही तर! का?"

"कारखान्यात जेवणाच्या सुटीत एकटी बसता. फोन वाजलो की दचकता." मग अचानक, "मुलाखत उद्याच मा? खंय, पणजेक?"

मुलाखतीचा दिवस याला कुणी सांगितला? मी उत्तर न देता पळाले. पेडण्याची बस पकडली. डावीकडे बसले नाही. उभीच राहिले.

पेडण्याला गोकुळदासबाब झेरॉक्स काढत होते. "बाब, ताईचा पासपोर्टही त्याच फाइलमध्ये होता. मिळाली फाइल, तर कळवा हां."

"अरे देवा! पासपोर्ट?" त्यांनी कपाळाला हात लावला. "माज्या हातान फॉर्म भरलंय गो. दोघींनी पार्श्याचा नाव काढल्यानी म्हणून मी हंय सगळ्यांक पेढे वाटलंय."

दोघींनी! म्हणजे माझं वक्तृत्वाचं बक्षीससुद्धा यांना माहीत होतं. भीतीतही मी जरा फुगले. आणखी काही बोलणार, एवढ्यात गिऱ्हाईक आलं.

शेवटी मनीषाताय. तिच्या खळ्यात काजूच्या बिया वाळत होत्या, ती पायाने त्या पसरत होती. मला बघताच जवळ घेतलं.

"सापडली काय गो?"

"नाही. ताई रडतेय. त्या फाइलमध्ये तिची डायरी होती. सगळं मनातलं लिहिलेली. आईबाबांबद्दल, सगळ्यांबद्दल."

"डायरी?" मनीषातायचे पाय थांबले. "माका कधी सांगूक नाय ती." मग माझ्या केसांवरून हात फिरवला. "भियां नको गो. सगळां बरां जातलां."

तिचा हात गरम आणि प्रेमाचा होता. मला लाज वाटली, या माणसाला मी थाप मारली.

आता फक्त साडेसात वाजायची वाट बघायची होती.

५

ताई साहेबाशी नेहमी विहिरीपाशी बोलायची, घरात ऐकू जाऊ नये म्हणून. आई टीव्हीसमोर, बाबा अजून बागायतीतून यायचे होते. काळोख पडला होता. बोंडूंचा आंबूस वास आणि रातकिडे. मी विहिरीच्या कठड्याला धरून बसले होते.

साडेसात. फोन वाजला. ताईने स्पीकर लावला.

"हाजिरी," तो पिंपातला आवाज म्हणाला.

"गौरवी बोलतेय, सर."

मग, सावकाश: "आपकी डायरी हम पढ़ रहे हैं, गौरवीजी. अपने माँ-बाप के बारे में ऐसा लिखते हैं?"

ताईने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. ताईने जन्मात कधी डायरी लिहिली नव्हती.

पासबुक नाही, पासपोर्ट नाही. डायरी.

माझ्या डोक्यात एकेक गोष्ट पटापट जागेवर पडत गेली आणि प्रत्येक पडताना दुखत गेली. मनीषाताय रोज सातला घरी जायची. साहेबांचा फोन साडेसातला यायचा. मनीषाताय आमच्या घरात असताना साहेबांचा एकही फोन, एकही मेसेज नाही. वीस दिवसांत एकही नाही. काल ती गेल्यावर दहा मिनिटांत मेसेज. ड्रेसचा रंग, न येणारा धडा, रडणं. बसमधली माझी जागासुद्धा मीच तिला सांगितली होती, वारा छान लागतो म्हणून.

मी ताईला खुणेने सांगितलं: बोलत राहा.

आणि पळाले. चप्पल विहिरीवरच राहिली. बांधावर काळोख इतका की माझेच पाय दिसेनात. मागे कुणीतरी येतंय असं सारखं वाटत होतं. थांबले तर परत फिरेन, हे ठाऊक होतं, म्हणून थांबले नाही. मनीषातायच्या घरामागे काजूच्या बिया साठवायची खोप आहे. झापांच्या फटीतून मोबाईलचा निळा उजेड दिसत होता.

मी कान लावला. आत एक हळू, बायकी आवाज हिंदीत म्हणत होता, "कल सुबह म्हापसा बस स्टैंड पर रुकना। पणजी नहीं।"

तो आवाज मी बालपणापासून ओळखत होते. त्याने मला गोष्टी सांगितल्या होत्या.

"मनीषाताय," मी म्हटलं. लाऊडस्पीकर नाही, नुसता श्वास होता तो.

उजेड हलला. बिया खळखळल्या. ती बाहेर आली, हातात भावाचा जुना मोबाईल, त्यावर आवाज बदलायचं अ‍ॅप उघडं. भाऊ बोटीवर असतो, तो इथे विसरून गेलेला. ताईचा आवाज तिच्या मुठीतून येत होता: "हॅलो? सर? हॅलो?"

मनीषातायने फोन बंद केला. ती मोठी, मी लहान. तिने मला ढकललं असतं तर मी पडले असते. तेवढ्यात मला गोकुळदासबाब आठवले.

"दोघींनी नाव काढलं," मी पुटपुटले. "दुसरी मी नव्हे. तू. तू नापास झाली नाहीस."

ती मटकन खाली बसली. "प्रतीक्षा यादीत पयली," ती म्हणाली. "दोन मार्क गो सेजू. दोन मार्क कमी. गौरवी गेली नाय, तर माका बोलवतले. माजा पण वय संपता. ह्या काजूंत पाय घासून मरूचा नाय माका." मग तोंडावर हात घेतले. "पयल्यांदा नुसतां घाबरवचां म्हटलां. मागीर थांबूक येयना."

"फाइल दे."

"माज्याकडे नाय."

"मनीषाताय!"

"देवाची शपथ! मी फाइल बघूक पण नाय. गौरवीन फोन केल्यान तेव्हां माका कळला. म्हणून तसा लिहिलंय."

मला हसू की रडू कळेना. पण ती खरं बोलत होती. जिने नसलेली डायरी वाचली, तिच्याकडे फाइलही नव्हती.

मुलाखतीला चौदा तास उरले होते. फाइल नव्हतीच. म्हणजे अजून कुणीतरी होतं.

६

परत येताना बांधावर एक माणूस उभा. बॅटरीचा झोत माझ्या अनवाणी पायांवर पडला.

"सेजल? मी गो, सिद्धेश. पाळी बदलून घेतलंय आज. गौरवी विहिरीवर रडताना दिसली." तो कानकोंडा झाला. "उद्या सकाळी तिका मोटरसायकलीन बसस्टॉपार सोडीन म्हणून विचारूक येय होतंय. कारखान्यात रजेचो अर्ज तिनां दिलो, त्यार वाचलंय, पणजेक मुलाखत म्हणून."

एवढंच होतं त्याच्या मनात. मी त्याची मनातल्या मनात शंभरदा माफी मागितली.

ताई कठड्याला टेकून बसली होती. मी सांगितलं तेव्हा ती मनीषावर चिडली नाही. "तिने दोन मार्कांचं मला सांगायला हवं होतं," एवढंच म्हणाली आणि तोंड धुतलं. मग हळूच विचारलं, "फाइल?"

आईने जेवायला हाक मारली. बाबा आले होते. आम्ही चौघं पाटावर बसलो. आईने सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, आमटी वाढली. ताई नुसता भात चिवडत होती. मी डोकं खाली घालून विचार करत होते. कपाट फोडलेलं नाही. फळी नीट. घरात रविवारपर्यंत परकं कुणी नाही. मनीषा नाही, सिद्धेश नाही, गोकुळदासबाब आमच्या घरी कधी येत नाहीत.

"माका नको," बाबा म्हणाले. "नुसतो भात आणि सोलकढी घाल."

"रविवारी बांगडे नको, आज सुंगटां नको," आई करवादली. "आजारी आसात काय हो?"

घास माझ्या हातातच राहिला.

माणूस जे करत नाही, ते लपवायचं त्याच्या ध्यानातच येत नाही.

माझे बाबा तापातही मासे मागतात. बाबांनी रविवारी मासे सोडायचं आमच्या घरात एकच कारण असू शकतं. देवाला काहीतरी विचारलं असेल आणि काम होईपर्यंत शिवराक, म्हणजे शाकाहारी, राहायचं असेल. आमच्या गावात मोठ्या कामाआधी कौल घेतात. भटजी देवाच्या मूर्तीवर फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतात, मनातला प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आणि ज्या कामासाठी विचारायचं, त्याचे कागद देवासमोर ठेवायचे.

"बाबा," मी म्हटलं. चोराला हाक मारायला भीती वाटते, पण बाबांना चोर म्हणून हाक मारायला जी भीती वाटते, तशी मला अख्ख्या बांधावर वाटली नव्हती. "रविवारी तुम्ही बागायतीत नव्हता. तुम्ही ताईची फाइल घेऊन देवळात गेला होता."

आईचा डाव थांबला. ताईने मान वर केली.

बाबांनी ताट सरकवलं. उठले, हात धुतले, माळ्यावर चढले. भाताच्या पिंपात हात घालून त्यांनी फाइल काढली आणि ताईसमोर ठेवली. वर भाताचा कोंडा होता. ताईने उघडली. एम.एस्सी.च्या मार्कशीटवर जास्वंदीची एक सुकलेली पाकळी चिकटली होती.

"परत ठेवूकच जाय होतंय," बाबा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत मी कधी पाणी बघितलं नव्हतं. "मी देवाक इतक्याच इचारलंय, ह्या कामात माज्या चेडवाक धोको आसा काय? उजवी पाकळी पडली गो. होय म्हणालो देव. मगे माज्यान फाइल परत ठेवूक जायना."

बाहेर कुत्रा भुंकला आणि आम्ही चौघंही दचकलो. तेव्हा मला कळलं, या घरात तीन दिवस एकटी ताईच घाबरलेली नव्हती. बाबाही घाबरले होते, वेगळ्याच अंधारात.

मी सगळं सांगितलं. साहेब, हजेरी, माझी बसमधली जागा, सोमवार, डायरी, खोप. आईने ताईला कुशीत ओढलं आणि सोडेना. बाबा ऐकत गेले, ऐकता ऐकता खाली बसले.

"देव खोटं नाही बोलला, बाबा," मी म्हटलं. "धोका होताच. फक्त तो पणजीत नव्हता, पार्श्यात होता. आणि तो आजच्यापुरता तरी संपला."

बाबांनी त्या सुकलेल्या पाकळीवरून अंगठा फिरवला. मग ती उचलून स्वतःच्या खिशात ठेवली आणि फाइल ताईच्या मांडीवर सरकवली.

"मनीषाचं काय करायचं?" आईने विचारलं.

"ते उद्या संध्याकाळी," ताई म्हणाली. वीस दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज तिचा वाटला. "आधी मुलाखत."

आता माझी पाळी होती. मी उभी राहिले. पाय अजून चिखलाचे, हाताला सुंगटांच्या आमटीचा वास, पोटात अजूनही काहीतरी लटपटत होतं. वक्तृत्वाला होतं तसंच. बोलायला लागलं की ते थांबतं, हे मला आता माहीत आहे.

"आई, बाबा, मी ठरवलंय. उद्या पहिल्या बसने ताई पणजीला जाणार आणि मी तिच्याबरोबर जाणार. शाळा बुडली तर बुडली. डावीकडच्या खिडकीजवळच बसणार. आणि बारावीनंतर मी तुम्ही म्हणता ती फार्मसी करणार नाही. ताई देतेय तीच परीक्षा मी देणार. मला भीती वाटते, खूप वाटते, तरी देणार. तुम्हांला देवाला विचारायचं असेल तर जरूर विचारा, बाबा. पण मला बरोबर घेऊन चला. प्रश्न मी विचारीन."